खंड्या जलरंगात: पिसं कौलांसारखी का दिसतात?

उगाच_कुंचला, सातारा

नमस्कार मंडळी. ए३ कागदावर पांढऱ्या छातीचा खंड्या चालू आहे. जलरंग, ३०० जीएसएम हॉट प्रेस्ड (गुळगुळीत), १०० टक्के कॉटन. पक्षी मूळ आकाराचा, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २८ सेंमी. रेखाटन जमलंय, रंगात तीन ठिकाणी अडलंय.

पाठीचा निळा: थॅलो ब्लू दिला. गडद झाला, पण उजळ काही होईना. जितका वाढवावा तितका सपाट.

पिसं: एकेक पीस बाहेरून रेघ मारून भरलं की पाठ पार कौलारू होते.

छाती: फोटोत पांढऱ्यावर बारीक काळसर नक्षी आहे. सावली म्हणून ती करड्या रंगाने घेतली, आता छाती मळकी वाटते.

संदर्भाला फोटो एकच. माहुलीच्या बाजूचा, तारेवर बसलेला, ऑगस्टमधला. काढणाऱ्याची परवानगी घेतलेली आहे. तर तपशील किती द्यायचा आणि कुठल्या क्रमाने, ते सांगा.

कंदी_पेढा, सातारा

कौलारू खंड्या म्हणजे निदान पावसात भिजायचा नाही. (हलके घ्या.) जाणकार येईपर्यंत जागा धरून बसतो.

ब्रश_नंबर_चार, सांगली

निळ्यापासून सुरू करतो. थॅलो लबाड रंग आहे. ट्यूबमधून कणभर घेतला तरी वाटीभर पाणी रंगवतो, आणि कागदात एकदा शिरला की ओल्या ब्रशने उचलता येत नाही. म्हणून तो पहिला द्यायचाच नाही.

मुळात खंड्याच्या निळ्या पिसात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या तंतूंच्या आत केराटिन आणि हवेच्या पोकळ्यांची अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यावरून निळा प्रकाश परततो. खाली मेलॅनिनचा गडद थर असल्यामुळे तो निळा उठून दिसतो. म्हणूनच उन्हात फिरोजी दिसणारा पक्षी ढगाळ दिवशी करडा-निळा दिसतो. हा उतार-चढाव चित्रात यायला हवा. सगळीकडे एकाच तीव्रतेचा निळा दिला की डोळ्याला तुलनेला काहीच उरत नाही.

पाठ, पंखाचा निळा भाग आणि शेपटी स्वच्छ पाण्याने ओली करा. पाण्याची चकाकी गेली, पण कागद अजून गार लागतोय, अशा वेळी सेरुलियन किंवा कोबाल्ट टर्कॉइज पातळ करून सोडा. उजेडाकडच्या कडेला कागद जवळजवळ कोरा ठेवा. पूर्ण वाळल्यावर थॅलो ब्लू (ग्रीन शेड) अगदी पातळ, उजेडाची पट्टी वगळून. तिसरा थर फक्त सावलीच्या बाजूला: अल्ट्रामरीन, आणि त्यात ब्रशच्या टोकावर येईल एवढा बर्न्ट सिएना. हा तिसरा थर करडाच दिसला पाहिजे. तिथं हात आखडू नका. तो करडा झाला की शेजारचा फिरोजी पेटतो. काळा रंग या कामात ड्रॉवरमध्येच राहू द्या.

सेरुलियन घेताना ट्यूबवर 'ह्यू' असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर बहुधा थॅलो आणि पांढरा यांचं मिश्रण असतं. ते दुधाळ उतरतं आणि वरचे थर त्यावर स्वच्छ बसत नाहीत. ट्यूबवर पिगमेंटचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो. पीबी ३५ किंवा पीबी ३६ म्हणजे खरा सेरुलियन. पीबी १५ आणि पीडब्ल्यू ६ असं दिसलं तर मिश्रण.

थर वाळला का हे बघायला तळहात नाही, हाताची मागची बाजू लावायची. गार लागलं तर आत ओल आहे. बोटांचा तेलकटपणाही कागदाला लागत नाही.

मिरजेचा_तंतू, मिरज

कौलं होतात ती बाह्यरेषेमुळे. पीस रेघेने संपत नाही, खालच्या पिसावर पडलेल्या सावलीने संपतं. म्हणजे वरच्या पिसाची कड आहे तशी सोडायची, आणि तिच्या लगत खालचं पीस मुळाशी गडद करून टोकाकडे विरवत न्यायचं. ब्रश दोन लागतात: एक रंगाचा, एक नुसता ओलसर. गडद लावला की लगेच ओलसर ब्रशने एक बाजू ओढून घ्यायची. एक कड धारदार, दुसरी विरलेली. आणि सलग चार पिसांच्या कडा स्पष्ट आल्या की पाचवी-सहावी हरवू द्यायची.

दुसरं कारण, सगळी पिसं एका मापाची काढणं. कपाळावरचं पीस एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचं असतं, मागे जाल तसं मोठं होतं, खांद्यावर रुंद आणि सैल. खंड्याच्या तपकिरी डोक्यावर या मापात सुटी पिसं दिसतच नाहीत. तिथं फक्त दिशा दाखवायची. दिशा चोचीच्या मुळापासून सुरू होते, डोळ्याला वळसा घालते, कानावरच्या पिसांत किंचित खाली झुकते आणि मानेवर उतरते. हा प्रवाह पेन्सिलीने बाणांनी एका वेगळ्या कागदावर आधी काढून ठेवा.

पंखाच्या थरांचा क्रम फार जण उलटा करतात. मिटलेल्या पंखात शरीराजवळची पिसं, म्हणजे टर्शिअल, सगळ्यात वर. त्यांच्याखाली सेकंडरी (पंखाच्या मधली), त्यांच्याखाली प्रायमरी (पंखाच्या टोकाकडची) सरकलेली. बाहेरचं प्रत्येक पीस त्याच्या आतल्या पिसाखाली. शेपटीत मधली जोडी वर आणि बाकीच्या दोन्हीकडे खाली खाली. शेपटीची पिसं बऱ्याच पक्ष्यांत १२ असतात, कोतवालाची १०.

आणि खंड्याच्या पंखावर खांद्याशी तपकिरी, मग काळा पट्टा, मग निळा असा क्रम आहे. तो काळा पट्टा सावली नव्हे, तो पिसांचाच रंग आहे. उजेडाच्या बाजूलाही काळाच राहतो. प्रायमरीच्या मुळाशी मोठा पांढरा भाग असतो, तो उडताना लखकन दिसतो; बसलेल्या पक्ष्यात जवळजवळ झाकलेला. इंटरनेटवरच्या उडत्या फोटोवरून तो उचलून बसलेल्या पक्ष्याला चिकटवू नका.

हळद_बाजार, सांगली

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. रंगीत पेन्सिली घ्या. पिसांसाठी त्याहून सोपं माध्यम नाही. टोक तासायचं, रेघ मारायची, चुकली तर थोडी उचलता पण येते. जलरंगात पाणी कुठं पळेल सांगता येत नाही, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे वॉश (रंगाचा पातळ, पसरलेला थर) देता देता वाळतोय.

शिवाय पेन्सिलीत एक युक्ती आहे. रिकाम्या बॉलपेनने किंवा बोथट सुईने कागदावर आधी दाबून रेघा काढायच्या. वरून पेन्सिल फिरवली की त्या खाचांत रंग जात नाही, पांढऱ्या राहतात. पिसाच्या दांड्या, चोचीच्या मुळाजवळचे राठ केस, सगळं असं मिळतं. जोर बेताचा ठेवायचा; कागद फाटेपर्यंत नाही.

ब्रश_नंबर_चार, सांगली

@हळद_बाजार, खाचांची युक्ती चांगली आहे, पण ती जलरंगात अगदी उलटी फळते हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जलरंग खाचेत साचतो आणि ती रेघ गडद होते. म्हणूनच जलरंगाच्या कागदावर २एच, ४एच पेन्सिल दाबून चालवायची नाही. एचबी, हलक्या हाताने.

पेन्सिलीची अडचण निळ्यातच आहे. कागदाचे दात (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) सहा-आठ थरांत भरतात, मग पुढचा रंग घसरतो. तपकिरीवर निळा उजळ बसत नाही, त्यामुळे शेजारच्या कडा आधीपासून राखाव्या लागतात. मेणाच्या पेन्सिलीत काही दिवसांनी वर पांढुरका थर येतो, तो मऊ कापडाने पुसून वरून फिक्सेटिव्ह मारावं लागतं. तेलाच्या बांधणीच्या पेन्सिलीत, उदाहरणार्थ पॉलीक्रोमोस, हा त्रास नाही, पण त्या महाग.

उन्हाळ्याचं मात्र बरोबर आहे. ४० अंशांत वॉशला कडा पडतात. सकाळी लवकर बसा, कागद मागूनही ओला करा, पंखा बंद ठेवा. पाण्याच्या कपात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर वाळणं लांबतं. जास्त टाकलं तर चित्र चिकट राहतं आणि धूळ धरतं.

मास्किंग फ्लुइडही (कागद कोरा राखायला लावतात तो रबरी द्रव) उन्हाळ्यात जपून. हॉट प्रेस्डवर दोन-तीन दिवस राहिलं की काढताना कागदाची कातडी सोबत येते. लावलं त्याच दिवशी काढा. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर तो ब्रश गेला.

कंदी_पेढा, सातारा

चित्रकला म्हणजे निवांत छंद असं ऐकलं होतं. इथं कागदाला कातडी आहे, दात आहेत, ब्रशला साबण लागतो. हे तर घरात आणखी एक माणूस सांभाळणं झालं.

बापू_वाईकर, वाई

हळद्याचं आणि चारचं भांडण चालू द्या. मला तपशील या शब्दाचीच तक्रार आहे. चित्र हातभर लांबून पाहिलं जातं. त्या अंतरावरून जे डोळ्याला दिसत नाही ते ब्रशने का दाखवायचं? आधी पक्ष्याचा गोळा उभा करा: उजेड, मध्य, सावली. डोळे अर्धवट मिटून बघा, तीन भाग स्पष्ट दिसले तर पुढे जा. मग तपशील फक्त तीन जागी: डोळा आणि त्याभोवतीचा इंचभर, चोचीचं मूळ, आणि पंखाची एखादी कड. बाकी सुचवून सोडा. पिसं मोजत बसलात तर पक्षी मरतो आणि पिसं उरतात.

येरळाकाठ, खटाव

बापूकाका, गोळ्याचं शंभर टक्के मान्य. पण सुचवून सोडणं हे पक्षी ओळखीच्या चित्रात चालत नाही. वटवट्यांसारख्या पक्ष्यांत मिटलेल्या पंखात प्रायमरीची टोकं टर्शिअलच्या पुढे किती येतात, यावर जात ठरते. कवड्या खंड्याच्या नराच्या छातीवर दोन पट्टे, मादीला एकच आणि तोही मधे तुटलेला. तिथं 'सुचवलं' तर नर की मादी हाच प्रश्न. वेड्या राघूच्या शेपटीतली मधली दोन पिसं बाकीच्यांपेक्षा ५ सेंमीपर्यंत पुढे असतात. पिसं झडण्याच्या काळात ती तुटकी किंवा गायबच असतात. तर आपण काढतोय तो पक्षी कुठल्या ऋतूतला, हे आधी ठरवावं लागतं.

काका म्हणतात ते चित्रासाठी, मी म्हणते ते पक्ष्यासाठी. धागाकर्त्याने काय हवं ते सांगावं.

बापू_वाईकर, वाई

ताई, दोन्ही एकाच कागदावर बसतं. पट्टे मोजा, पिसं मोजू नका, एवढंच म्हणणं.

उगाच_कुंचला, सातारा

सगळ्यांना धन्यवाद. मला भिंतीवर लावायचं चित्र हवंय, पण पक्षीमित्र घरी आल्यावर त्याने नाक मुरडू नये एवढा खरेपणाही हवा.

उपप्रश्न: बारीक कामाला ०००चा ब्रश घेतलाय, पण रेघ अर्ध्यात तुटते. आणि एका दुकानात मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला, टोक फार सुरेख होतं. घ्यावा का?

मिरजेचा_तंतू, मिरज

घेऊ नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचे ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा. एका ब्रशसाठी बरीच जनावरं मारली जातात, कारण कामाचे केस फार थोडे निघतात. पक्ष्याचं चित्र काढायला मुंगूस मारलेला, हे विचित्रच. हल्लीच्या चांगल्या सिंथेटिक गोल ब्रशला पुरेसं टोक असतं.

याच कायद्यात पिसं जमवण्याचाही प्रश्न येतो. मोराची आपोआप गळलेली शेपटीची पिसं बाळगायला सूट आहे. बाकी पक्ष्यांची रस्त्यात सापडलेली पिसं नमुना म्हणून घरी आणू नका. जागेवरच पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, माप लिहा आणि सोडून द्या.

ब्रश_नंबर_चार, सांगली

०००च्या पोटात रंगच मावत नाही. रेघेच्या मध्यावर तो कोरडा होतो, म्हणून तुटते. नाव बघून समजलं असेलच: ४ नंबरचा गोल, टोक शाबूत असलेला. पोटात रंग भरपूर, टोकावर हवी तेवढीच बारीक रेघ. दुकानात ब्रश पाण्यात बुडवून झटका, केस आपोआप टोकाला एकत्र आले तर घ्या, फाकले तर ठेवा. दुकानदार पाणी देत नसेल तर दुकान बदला. चांगला ब्रश डोळ्याला आणि चोचीला, जुना फाकलेला ड्राय ब्रशला. फाकलेला टाकून देऊ नका: रंग लावून कापडावर टिपा, बोटांत चिमटून केस पसरवा आणि पिसाच्या मुळापासून टोकाकडे हलका फिरवा. एका फटक्यात समांतर चार-पाच तंतू उठतात. छातीच्या आणि तपकिरीच्या सीमेवर हेच करायचं. ती सीमा कापलेली नसते. पांढरी पिसं तपकिरीत घुसलेली असतात आणि उलटही.

औदुंबर, भिलवडी

पांढऱ्यावर कुणी बोललं नाही अजून. छातीचा पांढरा कागदाचाच ठेवा. त्याला गोलाई द्यायला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून झालेला करडा, इतका पातळ की ओला असताना दिसला तर वाळल्यावर जवळजवळ जावा. उजेडाच्या विरुद्ध कडेला थंड, म्हणजे निळसर. पोटाकडे तपकिरीचा उजेड परावर्तित होतो तिथं तांबूस. दोन्हींच्या मधे कोरा कागद. छाती पांढरी दिसते ती शेजारी काय गडद आहे त्यावर. मागची पार्श्वभूमी हलकी ठेवली तर पांढरा हरवणारच. मागे मध्यम हिरवट-करडा असला की तोच कागद झगझगीत.

पार्श्वभूमी पक्ष्याआधी द्या. शेवटी दिलात तर कडेवर पाणी चढून आधीचं काम विस्कटतं.

बापू_वाईकर, वाई

+१. आणि मधे कुठं पांढरा हरवला म्हणून पांढऱ्या गुवाशची (अपारदर्शक जलरंगाची) ट्यूब उघडायची नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कागद.

औदुंबर, भिलवडी

बापूकाका, इथं माझं पटत नाही. आपल्याकडे पोथ्यांपासून दरबारी चित्रांपर्यंत अपारदर्शक पांढरा सर्रास वापरलाय. जहांगीराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर पक्षी काढायचा ते अपारदर्शक रंगातच. पुढे कोलकात्यात तिथल्या इंग्रज न्यायाधीशांच्या पत्नी लेडी इम्पे यांच्यासाठी पाटण्याच्या शेख झैनुद्दीनने काढलेले पक्षी विलायती कागदावर, मागे सगळा कोरा पांढरा, आणि पिसांचं काम बघत राहावं असं.

नियम एवढाच की गुवाश शेवटी आणि थोडा. पाठीच्या निळ्यावर दोन-चार पिसांच्या कडेला पांढऱ्यात कणभर सेरुलियन घालून. त्यावर पुन्हा पातळ वॉश फिरवला तर गुवाश विरघळतो आणि सगळं दुधाळ होतं. तिथं पाणी लावायचं नाही.

कंदी_पेढा, सातारा

वाई विरुद्ध भिलवडी. कृष्णेचं पाणी वरून खाली येतं तसा पांढऱ्याचा वादही आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

अवांतर: औंधचं भवानी संग्रहालय बघितलंय का कुणी? पांढरं कापड कसं रंगवायचं ते तिथल्या रविवर्म्यांच्या चित्रांत बघायला मिळतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, १९३८ मध्ये त्यांनी ते उभं केलं.

येरळाकाठ, खटाव

अवांतर असलं तरी उपयोगाचं. औंधहून पुढे येरळवाडी आणि मायणीचे तलाव फार लांब नाहीत. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब, आणि येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) आले तर तेही. पांढऱ्यावर गुलाबी कसा असतो ते रोहितावर बघा: बसलेला पक्षी जवळजवळ पांढरा, पंख उघडला की आतला लाल आणि काळा. चित्रात लोक आख्खा पक्षी गुलाबी करून टाकतात.

एकच विनंती, घरट्याजवळ जाऊ नका आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. चित्रासाठी तर त्याची गरजच नाही. अर्धा तास एका जागी बसलात तर बसण्याच्या पाच-सहा ढबी मिळतात.

हळद_बाजार, सांगली

खंड्याला पाणी हवंच असं नाही ना? मागे कमळं आणि तळं काढावं का?

येरळाकाठ, खटाव

पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून लांबही राहतो. उसाच्या फडाकडेला तारेवर, बाभळीवर, विहिरीच्या काठावर. नाकतोडे, सरडे, खेकडे सगळं खातो. कमळ काढलं तर चूक नाही, पण कॅलेंडर होतं. छोटा निळा खंड्या मात्र पाण्यालाच धरून असतो.

फ्रेमवाला_गल्लीतला, सांगली

चित्र झाल्यावरचं बोलतो, कारण बिघडतं ते बहुतेक आमच्या दुकानातच. काच थेट कागदाला टेकवायची नाही. पावसाळ्यात आतून घाम धरतो, कागद काचेला चिकटतो, बुरशी येते. मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) पाहिजे, आणि तो ॲसिड-फ्री मागा. साध्या माउंटची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि ती पट्टी चित्रावर उमटते. मागे हार्डबोर्ड थेट नको, मधे ॲसिड-फ्री कागद. चित्र चारी बाजूंनी फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा लागते. बाहेरच्या भिंतीला लावणार असाल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते.

महाबळेश्वर, कोयनेकडची गिऱ्हाइकं कोरा कागदही खराब झाला म्हणून सांगतात. दमट हवेत कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं, मग रंग ठिपक्याठिपक्यांनी आत बसतो. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. वर टिकला तर ठीक, लगेच शोषला तर तो कागद रेखाटनाला ठेवा. साठवताना प्लॅस्टिक पिशवी आणि सिलिका जेल.

उगाच_कुंचला, सातारा

फ्रेमवाले दादा, हे कुणीच सांगत नाही. वाचनखूण साठवली.

रेखाटन मूळ कागदावर उतरवायला कार्बन पेपर वापरला होता, त्याच्या रेघा पुसत नाहीत आणि त्यांच्यावर रंग धरत नाही. आता काय?

मिरजेचा_तंतू, मिरज

ऑफिसचा कार्बन मेणकट असतो, त्यामुळे पाणी उडतं. उरलेल्या रेघा पुट्टी इरेझरने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) टिपून टिपून हलक्या करा, घासू नका. घासलेल्या जागी रंग गडद बसतो. जिथं काळा पट्टा किंवा पंखाखालची सावली आहे तिथल्या रेघा झाकल्या जातील. छातीवर असतील तर मात्र कागद बदला, वाद नको. पुढच्या वेळी ट्रेसिंग पेपरच्या मागे ४बी पेन्सिल घासायची, जादाची पावडर कापसाने उडवायची, आणि समोरून एचबीने हलकं गिरवायचं. किंवा खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद धरून. ३०० जीएसएममधून कडक उन्हाच्या वेळी दिसतं.

माणदेशी_चंडोल, आटपाडी

उशिरा आलो. सगळ्यांनी रंग सांगितला, पण मूळ फोटोबद्दल कुणी विचारलं नाही. छातीवर बारीक काळसर नक्षी, ऑगस्ट महिना. चोच कशी आहे? तांबडी-लाल की मळकी?

उगाच_कुंचला, सातारा

तपकिरी लाल, मधे काळपट. सावलीत असेल म्हणून मी सरळ लालभडक केली.

माणदेशी_चंडोल, आटपाडी

मग तो त्याच वर्षीचा पिल्लू आहे. पांढऱ्या छातीच्या खंड्याच्या पिल्लांच्या छातीवर पिसांच्या कडा काळसर असतात, तीच तुमची नक्षी. चोच मळकट तपकिरी, एकूण रंगही मोठ्यांपेक्षा फिके. तुम्ही पिल्लाची छाती, मोठ्याची चोच आणि चमकणारी पाठ असा पक्षी जोडलाय. छाती मळकी वाटते ती रंग चुकल्यामुळे नाही, बाकीचं चित्र वेगळ्या पक्ष्याचं असल्यामुळे.

दोन मार्ग. मोठाच हवा असेल तर छातीवरची नक्षी पूर्ण वगळा आणि त्याच दिशेच्या उजेडातले मोठ्या पक्ष्याचे आणखी दोन-तीन फोटो मिळवा. उजेडाची दिशा बघून घ्या. एकात उजवीकडून आणि दुसऱ्यात मागून असेल तर ते एकत्र करू नका. किंवा पिल्लूच काढा. मग नक्षी करड्या डागांनी नाही, पिसांच्या टोकांवरच्या कडांनी घ्यायची, मानेकडे जास्त, पोटाकडे विरळ. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स फिरोजीला बऱ्याचदा निळ्याकडे ढकलतो, तेही ध्यानात धरा.

येरळाकाठ, खटाव

चंडोलदादा, दंडवत. ऑगस्ट हा शब्द वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

बापू_वाईकर, वाई

ताईंचा मुद्दा सिद्ध झाला, मान्य. पट्टे मोजायला हवेतच. पण पिसं अजूनही नकोत.

कंदी_पेढा, सातारा

म्हणजे पिल्लू ते, आणि पहिल्याच चित्रात त्याला कौलं घातली.

उगाच_कुंचला, सातारा

पिल्लूच काढतो. फोटो त्याचा आहे, आणि मोठ्या खंड्याची चित्रं ढिगाने आहेत. कागद नवा घेतोय, कार्बन बाद. क्रम असा धरतो: पार्श्वभूमीचा मध्यम हिरवट-करडा, मग निळ्याचा पहिला वॉश, तपकिरी, काळा पट्टा, मग डोळा. की डोळा आधी?

ब्रश_नंबर_चार, सांगली

डोळा लवकर, पहिल्या वॉशनंतर लगेच. डोळा बिघडला तर कागद बदलायला सोपं जातं. शेवटी बिघडला तर सगळं काम गेलं. बुबुळ गडद तपकिरी, लांबून काळंच दिसतं. सेपिया आणि अल्ट्रामरीनचा दाट रंग, चमकेचा ठिपका कागदाचाच राखून. ठिपका एकच, उजेडाच्या बाजूला, वरच्या अर्ध्यात, पण मध्यात कधीच नाही. फोटोतला फ्लॅशचा ठिपका मध्यात असतो, तो उचलू नका. चमकेच्या विरुद्ध बाजूला खालच्या कडेला तपकिरीची कोर किंचित उजळ ठेवली की डोळा गोल होतो. भोवती पापणीची बारीक कड, तीही एकसलग नको.

चोचीत वरची आणि खालची पाकळी यांच्या मधली रेघ सरळ पट्टीने मारू नका. ती मागे डोळ्याखाली जाते आणि शेवटी किंचित खाली वळते. पिल्लाचा लाल करताना बर्न्ट सिएना जास्त, लाल कमी, वरच्या कण्यावर उजेडाची एक रेघ कोरी.

मिरजेचा_तंतू, मिरज

पाय राहिले. खंड्याची पुढची बाहेरची दोन बोटं बऱ्याच लांबीपर्यंत जोडलेली असतात. तारेवर बसलेल्या पक्ष्यात ती दोन वेगळी काढली की पाय दुसऱ्याच पक्ष्याचा होतो. आणि बोटाखाली तारेवर सावलीची एक बारीक रेघ द्या, नाहीतर पक्षी तारेच्या वर तरंगतो.

हळद_बाजार, सांगली

तार पट्टीने काढायची का हाताने?

मिरजेचा_तंतू, मिरज

हाताने. आणि पक्ष्याच्या वजनाने किंचित झुकलेली.

येरळाकाठ, खटाव

नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह असतो. तोवर झालं तर शाळेतल्या प्रदर्शनाला द्या. खाली पक्ष्याचं नाव लिहिताना 'पिल्लू' आणि महिनाही लिहा, नाहीतर बघायला आलेला प्रत्येक पक्षीमित्र चोच चुकली म्हणून सांगत बसेल.